भात सोडला, रोज चालते, तरी पोट सुटतंय: पाळी जातानाचे तुमचे प्रश्न

मागच्या वेळी मी गुडघेदुखीवर लिहिलं होतं, आणि पत्रं आली त्यातली निम्म्याहून जास्त पाळी जाण्याबद्दलची. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून तीन निवडली. मी फिजिओथेरपिस्ट आहे, वय ५३, माझी स्वतःची पाळी जाऊन पाच वर्षं झाली, तेव्हा यातलं बरंचसं अंगावरून गेलेलं आहे.

प्रश्न : ताई, मी सांगलीला शाळेत शिकवते, वय ४९. सात महिने झाले पाळी आलेली नाही. वर्गात फळ्याकडे वळले की छातीपासून कानापर्यंत एकदम वाफ येते, ब्लाउज भिजतो, मुलं विचारतात बाई तुम्हाला ताप आलाय का. रोज पहाटे तासभर चालते, रात्रीची पोळी-भात बंद केलाय, फक्त पपई खाते, तरी पोट सुटलंय. आता तर जिना चढताना मांड्यांत जीवच नाही असं वाटतं. गॅदरिंग, लग्नं सगळं टाळते, साडी नेसून आरशात बघवत नाही. वय झालं म्हणून गप्प बसावं का?

नाही हो बाई, गप्प अजिबात बसू नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण ४८ व्या वर्षी मीही हेच करत होते, रात्री एक वाटी फळं आणि सकाळी चालणं, आणि वजन काटा हलत नाही म्हणून रडायचे.

सलग बारा महिने पाळी आली नाही की मग ती गेली असं म्हणायचं, तुमचे सात झालेत, म्हणजे अजून एखादी येऊ शकते. आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, त्यामुळे तुमचं काही वेगळं चाललंय असं नाही. पण बारा महिने पूर्ण झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायचं, "राहिलेली पाळी असेल" म्हणून घरी थांबायचं नाही.

आता पोटाचं. इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयात तयार होणारं बाईचं मुख्य हार्मोन, कमी झालं की चरबी मांड्या-कंबरेवरून पोटाकडे सरकते, आणि त्याच काळात स्नायू कमी होत जातात, हे दोन्ही एकदम होतं म्हणून वजन फार न वाढताही साडीच्या निऱ्या नीट बसत नाहीत. यावर आपण बायका काय करतो, तर खाणं कमी करतो. रात्री नुसती पपई खाल्ली की शरीराला प्रथिनं मिळत नाहीत आणि मग स्नायू अजून झिजतात. तुमच्या मांड्यांत जीव नाही वाटतो ना, तो तिथूनच जातोय. चालणं चांगलंच आहे, हृदयाला, झोपेला, मनाला, ते सोडू नका, पण नुसत्या चालण्याने दंड आणि पाठ मजबूत होत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि त्याच्या जोडीला निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा, आणि हे दुसरं वाक्य आपल्यापर्यंत कधी पोचतच नाही. खरं तर आपल्या वयात त्याचीच जास्त गरज आहे, कारण पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडं सगळ्यात वेगाने विरळ होतात. माझी आई ६१ व्या वर्षी ओल्या न्हाणीघरात नुसती घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. तोपर्यंत तिला कोणी कधी वजन उचल असं सांगितलंच नव्हतं, जड उचलू नकोस एवढंच सांगितलं होतं.

तर वजन उचलायचं. जिमला जायलाच हवं असं नाही, गेलात तर उत्तमच. घरी आठवड्यातून दोन-तीन दिवस, अर्धा तास. जेवणाच्या टेबलाची खुर्ची घ्या, हात छातीवर, आणि हाताचा आधार न घेता उठा, हळू बसा, असं दहा वेळा, थोडं थांबून परत दहा. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. मग ओट्याला हात टेकून पुशअप्स, मग ओट्याला धरून टाचा उचलणं. मग एक सॅक घ्या, त्यात पाच किलोची तांदळाची पिशवी टाका आणि ती जमिनीवरून उचला, पण कंबरेतून गोल वाकून नाही, पाठ सरळ ठेवून, कुल्ले मागे नेऊन, भरलेली घागर उचलतो तशी. आणि रोज दात घासताना एका पायावर उभं राहायचं, ओटा किंवा भिंत हाताशी ठेवून. श्वास रोखायचा नाही, विशेषतः बीपी असेल तर. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दर दोन आठवड्यांनी सॅकमध्ये किलोभर वाढवायचं, कारण जे सहज उचललं जातं त्याने स्नायू वाढत नाही, शेवटचे दोन-तीन वेळा कष्टाने व्हायला हवेत. हृदयाचा त्रास, मणक्याचं दुखणं किंवा आधी हाड मोडलेलं असेल तर मात्र एकदा दाखवून मग सुरू करा.

रात्रीचं जेवण आजपासून परत चालू. साठ किलोच्या बाईला दिवसाला साधारण साठ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, आणि आपली नेहमीची दोन पोळ्या, भाजी आणि पातळ आमटी घेतली तर ती निम्मी पण होत नाहीत. घट्ट वरणाची वाटी म्हणजे सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात आठ, मूठभर शेंगदाण्यात सात-आठ. म्हणून प्रत्येक जेवणात काहीतरी हवंच, मोड आलेली मटकी, पिठलं, पनीर, बांगडा खात असाल तर बांगडा. कॅल्शियम आता दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास असतं, मोठ्या चमचाभर तिळात शंभरेक, तेव्हा सकाळी आंबील आणि भाकरीला तीळ लावायची जुनी सवय दोन्ही परत आणा. ड जीवनसत्त्व एकदा रक्तातून तपासून घ्या, सोबत थायरॉईड आणि हिमोग्लोबिन, कारण थायरॉईडनेही असाच घाम, असाच थकवा येतो आणि आपण सगळं पाळीच्या नावावर टाकतो.

वाफांबद्दल. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी जागा असते, ती इस्ट्रोजेन कमी झाल्यावर जरा जास्तच हळवी होते, किंचित गरम झालं तरी तिला वाटतं अंग तापलं, आणि ती घाम सोडते. म्हणजे यात तुमच्या मनाचा कमकुवतपणा काही नाही. सुती ब्लाउज, टेबलावर गार पाण्याची बाटली, कडक चहा आणि तिखटाने वाढतंय का याची आठवडाभर वहीत नोंद. मुलांना सरळ सांगा, बाईंना मधेच गरम होतं, खिडकी उघड रे. एकदा सांगितलं की लपवायचं ओझं जातं, मी माझ्या क्लिनिकमध्ये हेच केलं.

एवढ्याने भागत नसेल, रात्री तीन-तीनदा गाऊन बदलावा लागत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी हार्मोन थेरपीबद्दल, म्हणजे कमी झालेलं हार्मोन औषधातून देण्याबद्दल, बोला. "त्याने कॅन्सर होतो" ही भीती मुख्यतः २००२ साली आलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून पसरली, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. नंतर तीच माहिती वयाप्रमाणे तपासली तेव्हा चित्र बदललं. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, आणि त्रास खरंच जास्त असेल, तर बहुतेक निरोगी बायकांना धोक्यापेक्षा फायदा जास्त असतो. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला असेल, रक्ताच्या गाठी, पक्षाघात, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर ती घेत नाहीत, त्यांच्यासाठी हार्मोन नसलेली औषधं असतात. मेडिकलमधून मैत्रिणीची गोळी आणून मात्र कधीच घेऊ नका.

आणि आरसा. दोन-तीन महिने त्याच्याकडे बघूच नका, वहीत बघा. पहिल्या दिवशी किती वेळा खुर्चीवरून उठलात, सॅक किती किलोची होती, शाळेचा जिना न थांबता किती चढलात. भरलेला सिलेंडर साधारण ३० किलोचा असतो, मी तो आता स्वतः सरकवते, ज्या दिवशी पहिल्यांदा सरकला त्या दिवशी मला जे वाटलं ते वजन दोन किलो उतरल्यावर कधीच वाटलं नव्हतं. गॅदरिंगला जा बाई, यावर्षीच जा.

प्रश्न : वय ५४, डोंबिवली. आमचा मंगळागौरीचा ग्रुप आहे, श्रावणात बाहेर कार्यक्रम करतो. दोन वर्षांपासून फुगडीत, झिम्म्यात, अगदी शिंकले तरी थेंब थेंब लघवी होते. पॅड लावून गेले, एकदा नऊवारीवर डाग आला आणि मी ग्रुप सोडला. घरी कारण सांगितलेलं नाही.

तुमच्या ग्रुपमधल्या अजून दोघी-तिघींना तरी हेच होत असणार आणि त्याही कोणाला बोललेल्या नसणार, हे मी माझ्याकडे येणाऱ्या बायकांवरून सांगते. बाळंतपणात ताणलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि आता इस्ट्रोजेन कमी झाल्याने नाजूक झालेली तिथली त्वचा, या दोन्हींमुळे होतं, आणि व्यायामाने बऱ्याच जणींचं खूप कमी होतं, काहींचं पूर्ण थांबतं.

लघवी आणि गॅस दोन्ही एकदम अडवून धरल्यासारखं आत आणि वर खेचायचं, पोट, मांड्या, कुल्ले सैल ठेवून. पाच सेकंद धरा, पाच सेकंद पूर्ण सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. नंतर दहा झटपट. प्रत्यक्ष लघवी करताना करून बघायचं नाही. शिंक येतेय असं वाटलं की आधी खेचून धरायचं मग शिंकायचं, या एका सवयीनेच पुष्कळ फरक पडतो. निदान तीन महिने द्या. पाणी पिणं कमी करू नका, त्याने लघवी जळजळते आणि घाई वाढते, चहा कमी केला तर चालेल, आणि बद्धकोष्ठ राहू देऊ नका. कोरडेपणा, जळजळ असेल तर डॉक्टर योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम देतात, त्याचा डोस अगदी कमी असतो. खाली काही उतरल्यासारखं, गोळा आल्यासारखं वाटत असेल तर मात्र आधी तपासणी.

खेळ सोडू नका हो, दोन तास झिम्मा-फुगडी खेळणाऱ्या बाईचा दम आणि तोल बघा, तो दुसऱ्या कशाने सहज येत नाही. महिनाभर व्यायाम झाला की आधी पिंगा आणि गाण्यांना परत जा, मग झिम्मा, मग उभी फुगडी. बसफुगडी सगळ्यात शेवटी, बसून उड्या मारताना तळावर सगळ्यात जास्त दाब येतो. आणि ग्रुपमधल्या एकीला तरी खरं कारण सांगा.

प्रश्न : मी संभाजीनगरला नर्सिंग करते. आई ४३ वर्षांची, बीड जिल्ह्यात, दरवर्षी ऊसतोडीला जाते. ३४ व्या वर्षी तिची पिशवी काढली. तेव्हापासून अंगातून वाफा, झोप नाही, सांधे दुखतात. तिला कोणते व्यायाम सांगू?

बाळा, तुझ्या आईला मी व्यायाम सांगणार नाही. जी बाई दिवसभर कोयता चालवून मोळ्या डोक्यावरून गाडीत भरते तिला अजून वजन कशाला, तिला विश्रांती आणि पोटभर जेवण हवंय. डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध, जे मिळेल ते तिच्या ताटात आधी पडतंय का ते बघ, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं नको.

आधी ऑपरेशनचे कागद शोध. नुसती पिशवी काढली की दोन्ही अंडाशयही काढली, हे त्यात लिहिलेलं असतं, आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. अंडाशय काढली असतील तर तिची पाळी ३४ व्या वर्षी एका दिवसात गेली, हाडं आणि हृदय दोन्ही नऊ वर्षं इस्ट्रोजेनशिवाय आहेत. अशा बायकांना काही अडचण नसेल तर पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावं असाच सल्ला असतो, पण इतकी वर्षं कोणी विचारलंच नसेल. अंडाशय असली तरी पिशवी काढल्यावर ती काही वर्षं आधी थकू शकतात, आणि पाळीच नसल्याने ते कळत नाही. कागद हरवले असतील तर सोनोग्राफीत दिसेल.

२०१९ मध्ये विधिमंडळात सांगितलं गेलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. त्यातल्या किती जणींना पुढे काय काळजी घ्यायची हे सांगितलं गेलं असेल, हा विचार मला सोडत नाही. तू तिला घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा तुझ्या कॉलेजच्या रुग्णालयात जा, हिमोग्लोबिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बीपी, साखर करून घे, आणि हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी होत असेल तर तीही माग. टोळी निघायच्या आधी हे सगळं उरकायला हवं, म्हणजे दसऱ्याच्या आत.