डबा दारात येईल, पण भडंगाचं काय?

आहार-सल्ला : वाचकांची पत्रं

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. सासरे ६४ वर्षांचे, बारा वर्षांपासून शुगर, शिवाय बीपी. परवाच्या रिपोर्टमध्ये एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ८.९ आली. मिस्टरांनी मोबाईलवर एक योजना पाहिली आहे. दोन्ही वेळचा 'डायबेटिक डबा' घरपोच आणि फोनवर सल्ला द्यायला एक कोच. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरायचे. सासरे म्हणतात, "घरात चूल पेटते ना? मग मी काय लॉजवर राहतो?" डबा लावावा का? त्यांचं एका दिवसाचं खाणं लिहून सोबत जोडलं आहे.
– एक सूनबाई, सांगली

उत्तर : यादी जोडलीत हे फार बरं केलंत, कारण उत्तर तिच्यातच आहे. सकाळी सहाला साखरेचा चहा आणि दोन खारी. नऊला परत चहा. साडेअकराला दोन भाकरी, भाजी, आमटी-भात. साडेपाचला शंभरफुटी रस्त्यावर फेरफटका आणि मित्रांबरोबर भडंग. रात्री टीव्हीवरच्या बातम्या संपल्या की साडेनऊला पुन्हा भाकरी-भात, आणि झोपताना बशीभर बेदाणे, 'ताकदीला' म्हणून.

डबा यातली दोनच जेवणं बदलणार. दोन चहा, खारी, भडंग आणि बेदाणे जिथल्या तिथे राहतील. किंबहुना डब्यातल्या दोन फुलक्यांनी पोट भरलं नाही तर भडंगाची एक पुडी वाढेल, असा माझा अंदाज.

अमेरिकेत हा प्रयोग नीट मोजूनमापून झालाय. एचबीए१सी ८ च्या वर असलेल्या लोकांना आठवड्याला दहा जेवणांचा चांगला शिधा दिला, तोही अख्ख्या कुटुंबाला पुरेल एवढा. जोडीला आहारतज्ज्ञ, नर्स आणि कोच होते. दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार होते. २०२३ च्या अखेरीस निकाल छापून आला. सहा महिन्यांत शिधा मिळालेल्यांची एचबीए१सी दीड अंकाने उतरली आणि न मिळालेल्यांची १.३ ने. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. अन्न निरुपयोगी आहे असा याचा अर्थ मी काढत नाही. शुगर खूप वाढल्यावर माणूस जागा होतो, गोळ्या वेळेवर घेतो, तोंडावर थोडा ताबा ठेवतो, आणि एवढ्यानेही आकडा खाली येतो. पण आगाऊ पैसे भरण्याआधी हे तुमच्या मिस्टरांना जरूर वाचून दाखवा.

तुमच्या घरी चूल पेटते, तर तीच वापरू. सासऱ्यांसाठी वेगळं काही शिजवू नका. घरात एकाचं 'पथ्याचं' आणि बाकीच्यांचं 'चांगलं' असं झालं की पथ्य महिनाभरसुद्धा टिकत नाही. भाकरी बंद करायची गरज नाही, पण भाकरी म्हणजे औषध हा आपल्याकडचा समज मात्र सोडा. शंभर ग्रॅम शाळूच्या (ज्वारीच्या) पिठात साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हापेक्षा काही कमी नाहीत. आपल्या हाताच्या एका भाकरीला ७०-८० ग्रॅम पीठ सहज लागतं. त्यावर भात म्हणजे एका जेवणात दोन जेवणं झाली. एका वेळी भाकरी किंवा भात, दोन्ही नाही. भाकरी दीड. उरलेली जागा भाजीने आणि उसळीने भरा. वाढताना आधी काकडी-मुळा-मेथीचा घोळाणा, मग उसळ, आणि भाकरी सगळ्यात शेवटी ताटात येऊ द्या. भाजी आणि डाळ आधी पोटात गेली की जेवणानंतरची शुगर कमी उसळते. आपल्या भागातला अख्खा मसूर या कामाला उत्तम आहे, फक्त ढाब्यावरची बोटभर तर्री त्यावर नको. तेल किती जातं ते कळायला पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. मी माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर धरते. बहुतेक घरांत हिशोब केला की तोंडं बघण्यासारखी होतात.

बेदाण्यांचं त्यांना तासगावच्या भाषेत सांगा. साधारण चार किलो द्राक्षं वाळवली की एक किलो बेदाणा होतो. उडतं ते पाणी, साखर सगळी आतच राहते. बशीभर बेदाणे म्हणजे रात्री दहा वाजता द्राक्षांचे मोठे घोस खाणं. भडंग मी पूर्ण तोडणार नाही, कारण ते मित्रांशी बांधलेलं आहे आणि मित्र तुटले तर फिरणंही तुटेल. आठवड्यातून दोनदा, एका पुडीत दोघं. इतर दिवशी खिशात मूठभर फुटाणे. आणि रात्रीचं जेवण बातम्यांच्या आधी करून घ्या. जेवल्यावर बसून न राहता दहा-पंधरा मिनिटं गल्लीत चालले तर तेवढ्यानेही फरक दिसतो.

एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे पंधरा दिवसांनी पुन्हा तपासून जीव टांगणीला लावू नका.

डबा मी कुणाला सुचवते तेही सांगते. मुलं पुण्याला आणि आई गावभागात एकटी, गुडघ्यांमुळे ओट्यापाशी उभी राहू शकत नाही, अशा घरी जरूर. दवाखान्यातून नुकत्याच घरी आलेल्या अशक्त माणसालाही. आणि कोच ठेवायचाच असेल तर पहिल्या फोनवर तो काय विचारतो ते ऐका. कोणत्या गोळ्या, किती वाजता, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन किती, हे न विचारता जो थेट वजन आणि उंची विचारून तक्ता पाठवतो, त्याला पैसे देऊ नका. भात कमी केला आणि गोळी तेवढीच राहिली तर शुगर धाडकन खाली येऊ शकते. पुढचं पत्र त्याचंच आहे.

प्रश्न : मी वाळवा तालुक्यातला ऊसकरी. वय ५१. शुगरसाठी सकाळी जेवणाआधी ग्लिमेपिराइड आणि दोन वेळा मेटफॉर्मिन. साखर बंद करून गूळ सुरू केलाय, घरच्या गुऱ्हाळाचा, बिनकेमिकलचा. एका शिबिरात आहाराचा तक्ता दिला : सातला नाश्ता, एकला जेवण, आठला हलकं जेवण. पण रात्रपाळीची लाईट असली की मी दहाला पाणी पाजायला जातो, पहाटे येतो, अकरापर्यंत झोपतो. तक्ता पाळायचा कसा? मागच्या महिन्यात उसात घाम फुटला, हातपाय लटपटले. दम लागला असेल म्हणून बांधावर बसलो. – एक शेतकरी

उत्तर : दादा, गुळाचं नंतर बोलू. घाम फुटून हातपाय लटपटणं हा दम नसावा. शुगर उतरल्याची ती खूण असते, आणि ग्लिमेपिराइडने ती उतरते. गोळी पोटात गेली की शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही ते ती बघत नाही. तुम्ही सकाळी गोळी घेऊन झोपलात आणि अकरापर्यंत पोटात काही गेलं नाही, किंवा आठचं 'हलकं' जेवून रात्रभर उसाला पाणी देत, पाटाची दारं मोडत फिरलात, तर हे पुन्हा होणार. रात्री, उसाच्या फडात, हाकेला माणूस नसताना. त्यामुळे ही मासिकाच्या पत्राने मिटवायची गोष्ट नाही. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि पाळीचं वेळापत्रक कागदावर लिहून न्या : या आठवड्यात दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री, कधी झोपतो, कधी जेवतो. पुष्कळ डॉक्टरांना शेतीपंपाची लाईट कधी येते हे माहीत नसतं. माहीत झालं की गोळी बदलायची, कमी करायची की वेळ पुढे-मागे करायची हे ते ठरवतील. तुम्ही स्वतः ठरवू नका.

तोवर शर्टाच्या खिशात साखरेची पुडी ठेवा, तीन चमचे. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, विनाकारण चिडचिड यातलं काही जाणवलं की मोटर राहू दे, आधी साखर तोंडात आणि वर पाणी. ग्लुकोमीटर असेल तर तपासा. ७० च्या खाली म्हणजे कमी. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच साखर घ्या आणि घरी फोन करा. बरं वाटलं तरी नंतर अर्धी भाकरी खाल्ल्याशिवाय कामाला लागू नका. सोबत डब्यात पिठलं-भाकरी किंवा मटकीची उसळ असावी आणि मध्यरात्रीच्या सुमारास ती खरोखर खावी. नुसत्या चहा-बिस्किटावर रात्र काढू नका. तोल गेलेल्या, बोलणं अडखळणाऱ्या माणसाला 'पिऊन आलाय' म्हणायची आपल्याकडे रीत आहे, म्हणून घरच्यांना आणि शेजारच्या पंपावरच्या गड्याला हे आधीच सांगून ठेवा. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

शिबिरातला तक्ता चुकीचा नाही, तो नोकरदाराचा आहे. तुमच्यासाठी दोन तक्ते हवेत, एक दिवसपाळीचा आणि एक रात्रपाळीचा.

आता गूळ. बिनकेमिकलचा असेल, चवीला झकास असेल, पण शंभरातले ऐंशीहून जास्त भाग साखरच. चहात दोन चमचे साखरेऐवजी सुपारीएवढा खडा टाकलात तर रक्ताला त्यातला फरक समजत नाही. ऊस पिकवणाऱ्या माणसाला हे सांगायला मला जड जातं.

प्रश्न : मिरजेतल्या डॉक्टरांनी क्रिएटिनिन २.४ सांगितलं. मला शुगर आणि बीपी दोन्ही आहे. मीठ कमी करायला सांगितल्यामुळे 'लो सोडियम' मीठ आणलं, सकाळी पालक-बीटचा रस आणि एक शहाळं सुरू केलं. बरोबर आहे ना? – एक निवृत्त कर्मचारी, मिरज

उत्तर : तिन्ही आजच थांबवा आणि रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या. कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. धडधाकट मूत्रपिंड जादा पोटॅशियम लघवीवाटे टाकतं, क्रिएटिनिन वाढलेल्या, थकलेल्या मूत्रपिंडाला ते जमत नाही आणि ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्याही ते थोडं चढवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, पण मूत्रपिंडाच्या रुग्णांना त्यातून वगळलं आहे. शहाळं आणि पालक-बीटचा रस, दोन्हीत पोटॅशियम भरपूर. साधंच मीठ वापरा, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यातच लोणचं, पापड, खर्डा धरा. पोटॅशियम जास्त निघालं तर भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि पाणी ओतून द्यायचं. ठीक निघालं तर उगाच सगळं तोडू नका. डाळी किती खायच्या हे तुमचे रिपोर्ट बघितल्याशिवाय मी लिहिणार नाही.

प्रश्न : वय ३८, साताऱ्यात शिक्षिका. मागच्या वर्षी मधुमेह निघाला, एचबीए१सी ७.१, वजन ८४ किलो. रोज अजिंक्यतारा चढते, तरी वजन हलत नाही. मधुमेह 'उलटवता' येतो म्हणतात, खरं का?

उत्तर : काही जणांचा येतो, आणि तुम्ही त्या काही जणांत बसू शकता. ब्रिटनमध्ये मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतल्या लोकांवर प्रयोग झाला, निकाल २०१७ मध्ये आले. तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरी, तीही मोजून दिलेल्या पेयांमधून, मग हळूहळू नेहमीचं अन्न. वर्षअखेर ४६ टक्के लोक गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. ज्यांचं वजन पंधरा किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात हा आकडा ८६ टक्के. दोन वर्षांनी मात्र एकूण ३६ टक्केच उरले, कारण वजन परत येतं. एवढा कडक उपास घरी, स्वतःच्या मनाने करायचा नाही. तिथे डॉक्टर पाठीशी होते आणि शुगर-बीपीच्या गोळ्या त्यांच्याच सांगण्यावरून पहिल्या दिवशी थांबवल्या होत्या.

गड चढून वजन हलत नाही यात नवल नाही. चढण्याने हृदय, स्नायू आणि शुगर सुधारते, ते सोडू नका. पण वजन ताटावरून उतरतं. गडावरून खाली आल्यावर मैत्रिणींबरोबर काय खाता, ते पत्रात नाही. मिसळ असावी अशी मला शंका आहे. आठवडाभर, शाळेच्या स्टाफरूममधल्या वाढदिवसाच्या पेढ्यांसकट, सगळं लिहून पाठवा. सध्या कोणती गोळी चालू आहे तेही लिहा, म्हणजे पुढच्या अंकात तुमच्यापुरतं उत्तर देता येईल.