पुणे करार नेमका कशाबद्दल होता आणि आरक्षण त्यातूनच सुरू झाले का?

आपण विचारले आहे की पुणे करार म्हणजे नेमके काय, त्याला पुण्याचे नाव कसे मिळाले आणि आजचे आरक्षण त्यातूनच सुरू झाले हे खरे का. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना मी राज्यव्यवस्था हा विषय शिकवतो आणि जवळपास प्रत्येक तुकडीत हा प्रश्न निघतो. ‘24 सप्टेंबर 1932, येरवडा, 148 राखीव जागा’ एवढे पाठ करून बहुतेक जण थांबतात. ही माहिती अचूक आहे, परंतु खरा वाद जागा किती असाव्यात यापेक्षा त्या जागांवरचा प्रतिनिधी कोणाच्या मतांनी निवडून यावा यावर होता.

आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो. नोकऱ्यांतील राखीव जागा पुणे करारापेक्षा जुन्या आहेत; शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी करवीर (कोल्हापूर) संस्थानात रिकाम्या होणाऱ्या 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी ठेवण्याचा हुकूम काढला होता. पुणे करार हा मुख्यतः कायदेमंडळांतील प्रतिनिधित्वाचा करार आहे.

भारताच्या भावी राज्यकारभारावर लंडनमध्ये झालेल्या गोलमेज परिषदेत एकमत न झाल्याने ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी ऑगस्ट 1932 मध्ये जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांना काही ठरावीक जागांपुरते स्वतंत्र मतदारसंघ मिळाले, म्हणजे त्या जागांवर उमेदवारही त्यांच्यातलाच आणि मतदारही फक्त तेच. शिवाय सर्वसाधारण मतदारसंघात दुसरे मत देण्याचा अधिकारही त्यांच्याकडे राहिला. गांधीजी तेव्हा पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते. स्वतंत्र मतदारसंघांमुळे हिंदू समाजाची कायमची फाळणी होईल, असे त्यांचे मत होते आणि त्यासाठी 20 सप्टेंबरपासून त्यांनी प्राणांतिक उपोषण सुरू केले. मुंबईत आणि मग पुण्यात डॉ. आंबेडकर, पंडित मदनमोहन मालवीय, तेजबहादूर सप्रू, मुकुंदराव जयकर आदींच्या वाटाघाटी झाल्या, तुरुंगाच्या आवारातही भेटी झाल्या आणि पाचव्या दिवशी करारावर सह्या झाल्या; म्हणून तो पुणे करार. गांधीजींची स्वतःची सही त्यावर नाही. सही करणाऱ्यांत पुण्याच्या मैदानांवर गोलंदाज म्हणून घडलेले पालवणकर बाळू होते, हे पुणेकरांनाही फारसे ठाऊक नसते.

करारातील निवडणुकीची पद्धत नीट समजून घ्यावी, कारण सगळे मर्म तिच्यात आहे. राखीव जागा निवाड्यापेक्षा जवळपास दुप्पट झाल्या: मद्रास आणि बंगाल प्रांतांत प्रत्येकी 30, सिंधसह मुंबई प्रांतात 15 आणि इतर प्रांतांतल्या धरून एकूण 148. त्या बदल्यात स्वतंत्र मतदारसंघ आणि दुसरे मत, दोन्ही गेले. प्रत्येक राखीव जागेसाठी आधी फक्त दलित मतदारांनी प्राथमिक निवडणुकीतून चार उमेदवार ठरवायचे आणि त्या चौघांतून एकाची निवड त्या मतदारसंघातील सर्व मतदारांनी करायची. समजा, एका मतदारसंघात 100 मतदार आहेत आणि त्यांतले 15 दलित आहेत. स्वतंत्र मतदारसंघात त्या 15 जणांचा कौल अंतिम ठरला असता. कराराच्या पद्धतीत मात्र त्या 15 जणांनी ज्याला चौथ्या क्रमांकावर ठेवले, तो उरलेल्या 85 जणांच्या पाठिंब्यावर निवडून येऊ शकत होता आणि ज्याला त्यांनी पहिला क्रमांक दिला, तो पडू शकत होता. दुसरे मत गेल्याचे नुकसानही लहान नव्हते, कारण त्या मतामुळे सर्वसाधारण जागेवरच्या सवर्ण उमेदवाराला दलित वस्तीत मते मागायला जावेच लागले असते.

प्राथमिक निवडणुकीची ही पद्धत दहा वर्षांसाठी होती. नोकरभरतीत आणि स्थानिक संस्थांच्या निवडणुकांत केवळ जातीमुळे कोणी अपात्र ठरू नये आणि प्रत्येक प्रांताने दलितांच्या शिक्षणासाठी पुरेशी रक्कम राखून ठेवावी, ही कलमेही करारात आहेत. माझे विद्यार्थी ती हमखास विसरतात.

हा करार दोन्ही बाजूंनी राजीखुशीने झालेली तडजोड होती, असे सांगितले जाते तेव्हा मला ते पटत नाही. एका बाजूला गांधीजींचे प्राण पणाला लागलेले आणि काही विपरीत घडल्यास त्याचा रोष खेडोपाडीच्या अस्पृश्य वस्त्यांवर येईल ही रास्त भीती, अशा पेचात डॉ. आंबेडकरांना निर्णय करावा लागला. जागांची मोठी वाढ त्यांनी मिळवली, हे त्यांच्या वाटाघाटींचे यश मी मानतो. पण 1937 च्या निवडणुकांचा अनुभव आल्यावर 1945 मध्ये त्यांनी या करारावर सविस्तर आणि कठोर टीका केली आणि जुलै 1946 मध्ये त्यांच्याच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाने स्वतंत्र मतदारसंघांच्या मागणीसाठी सत्याग्रह केला, तोही पुण्यातच. गांधीजींचा अस्पृश्यतानिवारणाचा तळमळीचा हेतू मी नाकारत नाही. मात्र तो हेतू मान्य केला तरी दलितांनी मागितलेला अधिकार त्यांच्या हातून गेला, ही वस्तुस्थिती बदलत नाही.

राज्यघटनेने स्वतंत्र मतदारसंघ स्वीकारले नाहीत आणि प्राथमिक निवडणुकाही ठेवल्या नाहीत. लोकसभेसाठी कलम 330 आणि विधानसभांसाठी कलम 332 यांनुसार आज राखीव जागा आहेत. आमच्या पुणे जिल्ह्यात पिंपरी आणि पुणे कॅन्टोन्मेंट हे दोन विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. तेथे उमेदवार अनुसूचित जातीचाच असावा लागतो, परंतु तो कोण असेल हे पक्ष ठरवतात आणि मतदान त्या मतदारसंघातील सर्व जातीधर्मांचे मतदार करतात.