जुन्या इंग्रजी बालपुस्तकात ही जोडलेली, उलटी अक्षरं कशी काय?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडहून आलेल्या सामानात 1960 च्या दशकातलं लहान मुलांचं वाचनपुस्तक मिळालं. अक्षरं इंग्रजीच दिसतात, पण कुठे ए आणि ई एकमेकांना चिकटलेले, कुठे झेड उलटा, आणि वाक्याच्या सुरुवातीला कॅपिटलच्या जागी तेच छोटं अक्षर मोठं करून छापलेलं. हा छपाईचा दोष आहे का, पुस्तक दुर्मिळ आहे का आणि पहिलीतल्या मुलीला यावरून इंग्रजी शिकवावं का?

दोष नाही. ही ‘इनिशियल टीचिंग अल्फाबेट’, थोडक्यात आयटीए, म्हणजे लहान मुलांना इंग्रजी वाचायला शिकवताना सुरुवातीपुरती वापरायची लिपी. जुनी पाठ्यपुस्तकं जमवण्याचा मला नाद आहे आणि त्यातला हा माझा सगळ्यात आवडता कप्पा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लघुलेखनाच्या क्लासमुळे पिटमन हे नाव आपल्याकडेही जुन्या पिढीला ठाऊक आहे. त्या आयझॅक पिटमन यांचे नातू सर जेम्स पिटमन यांनी ही लिपी तयार केली. ते इंग्लंडमधल्या बाथ शहराचे खासदार होते. इंग्रजी स्पेलिंग सोपं करण्याचं एक विधेयक 1953 मध्ये ब्रिटिश संसदेत दुसऱ्या वाचनापर्यंत मंजूर झालं होतं. शाळांमधल्या संशोधनाला आडकाठी करणार नाही, असं शिक्षण खात्याकडून आश्वासन मिळाल्यावर ते मागे घेतलं गेलं. त्यातूनच पुढचा मार्ग खुला झाला आणि 1961 मध्ये संशोधक जॉन डाउनिंग यांच्या देखरेखीखाली काही शाळांत आयटीएचा प्रयोग सुरू झाला. ‘जॅनेट अँड जॉन’ ही तेव्हाची लोकप्रिय वाचनमाला या लिपीत नव्याने छापली गेली.

इंग्रजी स्पेलिंगची अडचण खरीच होती. ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं ‘थ्रू’मध्ये एक आवाज देतात, ‘दो’मध्ये दुसरा आणि ‘कॉफ’मध्ये तिसराच. चार-पाच वर्षांच्या पोराने कशावर भरवसा ठेवायचा? पिटमन यांनी चाळीसहून थोडी जास्त चिन्हं घेतली. क्यू आणि एक्स काढून टाकले, शब्दाच्या शेवटी झेडसारखा वाजणाऱ्या एससाठी उलटा झेड दिला आणि लांब स्वरांसाठी जोडअक्षरं केली. पण हाडाचा सुधारक असूनही त्यांनी एक शहाणपण दाखवलं. सी आणि के दोन्ही एकाच आवाजासाठी ठेवले, ‘रॅबिट’मधला दुहेरी बीसुद्धा ठेवला, आणि शब्दाचा वरचा अर्धा भाग शक्यतो नेहमीच्या छपाईसारखाच दिसेल असं पाहिलं. कारण सात वर्षांच्या आसपास मुलाला नेहमीच्या इंग्रजीकडे जायचंच होतं. तुमचं पुस्तक हातभर लांब धरून बघा, बराचसा मजकूर सरळ वाचता येईल.

सुरुवातीचे निकाल उत्साह वाढवणारे होते. मुलं लवकर वाचू लागली आणि मुख्य म्हणजे स्पेलिंगची भीती नसल्याने मनातलं मोकळेपणी लिहू लागली. मला या प्रयोगातलं हेच सर्वात मोलाचं वाटतं. पण नेहमीच्या लिपीकडे वळल्यावर मिळवलेली आघाडी बऱ्याच अंशी ओसरायची आणि काही मुलांना स्पेलिंग पुन्हा शिकावं लागायचं. घरी, वाचनालयात, रस्त्यावरच्या पाट्यांवर ही लिपी नव्हती. उच्चारही दक्षिण इंग्लंडच्या सुशिक्षितांचे धरलेले, ते स्कॉटलंडच्या मुलाला कसे लागू पडणार? 1970 च्या दशकात शाळांनी ती हळूहळू सोडून दिली.

आता दुर्मिळतेबद्दल. ही पुस्तकं त्या काळी भरपूर छापली गेली, त्यामुळे फार मोठ्या किमतीची आशा धरू नका. मात्र ती वर्गात हाताळून झिजली आणि लिपी गेल्यावर निरुपयोगी ठरली, त्यामुळे सगळी पानं शाबूत असलेली प्रत जपण्यासारखी आहे. शाळेचा शिक्का असेल तर खोडू नका, ती प्रत खरोखर वर्गात वापरली गेल्याचा तो पुरावा आहे. खरी दुर्मिळ म्हणजे अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या मॉर्मन या धर्मपंथाच्या लोकांची, इंग्रजीसाठीच घडवलेल्या डेझरेट लिपीतली 1868 ची बालवाचनं. ती लिपी घडवण्यात मोठा वाटा असलेले जॉर्ज वॉट हेही आयझॅक पिटमन यांचंच लघुलेखन शिकलेले. पण त्यातली अक्षरं इंग्रजीसारखी दिसतच नाहीत, तेव्हा तुमचं पुस्तक ते नव्हे.

मुलीला यावरून शिकवू नका, असं मी ठामपणे सांगेन. अक्षर दिसलं की आवाज ठरलेला, हा जो भरवसा आयटीए इंग्रज मुलांना देऊ पाहत होती, तो तुमच्या मुलीला ‘कमळ’, ‘बदक’ वाचताना देवनागरीने आधीच दिलेला आहे. तिला आता शिकायचंय ते इंग्रजीचं वेडंवाकडं स्पेलिंग, आणि नेमकं तेच या पुस्तकात नाही. त्यासाठी साधं, नेहमीच्या छपाईचं वाचनपुस्तक घ्या. हे मात्र ती तिसरी-चौथीत गेली की एकत्र बसून उलगडा, तेव्हा तिला त्यात खरी मजा येईल.