बोट मातीत घाला, मग मला विचारा

पावसाळा सरत आला की या सदराकडे प्रश्नांचा ढीग येतो. चार महिने पाणी वरूनच पडत असतं, त्यामुळे कुंड्यांकडे कोणी नीट बघितलेलंच नसतं, आणि मग एक दिवस छान ऊन पडतं, आपण चहाचा कप घेऊन बाल्कनीत जातो आणि बघतो तर काय, कुणाची पानं पिवळी, कुणाच्या कळ्या जमिनीवर, कुणाच्या फांदीला पांढरा कापूस. या वेळच्या निम्म्या प्रश्नांत एक वाक्य कॉमन आहे, "रोज न चुकता पाणी घालते तरी". तरी नाही हो, म्हणूनच!

प्रश्न: ताई, तीन-चार कुंड्यांमधली पानं पिवळी होऊन गळतायत. गांडूळखत घातलं, फरक नाही म्हणून अजून घातलं, मग कोणीतरी सांगितलं म्हणून एप्सम सॉल्ट घातलं. पाणी रोज देते. आता काय घालू?

आता काही म्हणजे काहीही घालू नका. फक्त बोट घाला, मातीत, दोन पेरं आतपर्यंत. ओलं लागलं तर तुमचा प्रश्न खताचा नाहीये, पाण्याचा आहे. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि मातीच्या कणांमधल्या ज्या फटींत हवा असते त्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि सडायला लागतात. आता गंमत बघा, सडलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून ओल्या मातीतलं झाडही मान टाकतं, आणि ते मान टाकलेलं बघून आपण म्हणतो अरेरे तहानलंय बिचारं, आणि अजून एक तांब्या ओततो. बहुतेक झाडं अशी प्रेमाने मरतात.

कुंडी आडवी करून झाड अलगद बाहेर काढा. मुळं पांढरट आणि टणक असतील तर ठीक आहे, कुंडीच्या बुडाचं भोक बुजलंय का तेवढं बघा आणि खालची ताटली काढून टाका. मुळं काळपट, लिबलिबीत असतील आणि वास मारत असेल तर स्वच्छ कात्रीने तेवढी कापा, नव्या कोरड्या मातीत लावा, मातीत कंपोस्ट आणि थोडी जाडी वाळू किंवा परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) मिसळा आणि झाड काही दिवस सावलीत ठेवा. नवीन पान दिसेपर्यंत खत नाही. आजारी माणसाला आपण पक्वान्नं वाढत नाही, तसंच.

आणि माती ठीकठाक असेल तर मग पानं वाचा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर नायट्रोजन कमी, तिथे कंपोस्ट कामाचं. शेंड्याची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं दिसलं तर लोह कमी पडतंय, आणि बरेचदा ते मातीत असतंच पण पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं, असल्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि झाडाला ते उचलता येत नाही. जुन्या पानांवर शिरांच्या मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम, आणि एप्सम सॉल्टचा, म्हणजे मॅग्नेशियमच्या क्षाराचा, उपयोग फक्त इथेच, ते सगळ्या रोगांवरचं औषध नाही. महिन्यातून एखादं सगळ्यात खालचं पान पिवळं होऊन पडलं तर काही करू नका, म्हातारं झालं होतं ते.

प्रश्न: जास्वंदीच्या फांद्यांवर कापसासारखं पांढरं काहीतरी चिकटलंय, पानं चिकट आणि काळी झालीत, मुंग्या पण खूप. कळ्या येतात पण उमलायच्या आधीच गळतात. मुंग्यांची पावडर टाकली तर चालेल का?

मुंग्या चोर नाहीत, त्या गवळी आहेत. तो कापूस म्हणजे मिलीबग, आपला पिठ्या ढेकूण. तो फांदीतला रस पितो आणि मागून गोड चिकट द्रव सोडतो, मुंग्या त्यासाठी येतात आणि बदल्यात त्याची राखण करतात, त्याला खाणाऱ्या लेडीबगसारख्या किड्यांना हुसकावून लावतात. त्याच चिकट द्रवावर काळी बुरशी वाढते, ती ओल्या फडक्याने पुसली की निघते, घाबरण्यासारखं त्यात काही नाही. म्हणजे नुसत्या मुंग्या मारून मिलीबग जाणार नाही, मूळ दुखणं वेगळं आहे.

आधी ती कुंडी बाकीच्यांपासून लांब करा. मग जुना टूथब्रश घेऊन पांढरं सगळं घासून काढा, जोरदार पाण्याने फांद्या धुवा, फार लडबडलेले शेंडे सरळ कापून पिशवीत बांधून टाकून द्या. यानंतर फवारा, आधी नाही. एक लिटर कोमट पाण्यात साधारण 5 मिली निंबोळी तेल आणि 1 मिली लिक्विड सोप, साबण नसेल तर तेल पाण्यात मिसळतच नाही, वरच तरंगत राहतं. पानाच्या खालच्या बाजूला आणि फांद्यांच्या बेचक्यात नीट पोचलं पाहिजे. दर 7 दिवसांनी, निदान 3 वेळा, कारण अंडी पहिल्या फवाऱ्याला दाद देत नाहीत, ती फुटून पिल्लं बाहेर आली की पुढच्या फवाऱ्यात सापडतात. लोक एकदा मारतात आणि म्हणतात नीम ऑइलचा काही उपयोग होत नाही.

फवारा संध्याकाळीच मारा हं. मी एकदा भर दुपारी मारला, त्यातही साबण अंदाजाने ओतलेला, दोन दिवसांत पानं इस्त्रीने भाजल्यासारखी झाली होती आणि किडे मात्र मजेत.

कळ्यांचं म्हणाल तर रस गेल्यामुळे गळत असतील, पण एक गळालेली कळी उघडून पांढऱ्या कागदावर झटका. बारीक रेघेएवढे किडे पळताना दिसले तर फुलकिडे आहेत, फवारा तोच. काहीच निघालं नाही तर आठवा, एक दिवस कोरडी आणि दुसऱ्या दिवशी चिखल असं होतंय का, किंवा कुंडी मध्येच कुठे हलवलीत का. जास्वंदीला दोन्ही खपत नाही.

प्रश्न: गच्चीवर दुधी आणि दोडका लावलाय, वेल मांडवभर पसरलाय, फुलंच फुलं आहेत पण एकही फळ धरत नाही. दुधीला एक-दोन छोटी फळं दिसली तीही अंगठ्याएवढी होऊन पिवळी पडली. वेल वांझ आहे का?

वेल वांझ नाही हो, लग्न लागत नाहीये. या वेलांना नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात आणि सुरुवातीला बरेच दिवस नुसती नर फुलंच येतात, तेव्हा पहिले दोन-तीन आठवडे धीर धरा. ओळखायचं सोपं आहे, मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नर फुलाच्या मागे नुसता देठ. ती अंगठ्याएवढी पिवळी पडलेली फळं म्हणजे परागीभवन न झालेली मादी फुलं, रोग नाही.

उंच गच्चीवर मधमाश्या कमी येतात, त्यात तुमचे वेल असे की दुधी आणि दोडका दोन्ही संध्याकाळी उमलतात! तुम्ही सकाळी फुलं बघायला जाताय, तोवर बहुतेक ती मलूल झालेली असणार. काकडी आणि लाल भोपळा सकाळवाले. तर संध्याकाळी फुलं उघडली की ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका, मधला पिवळी पूड असलेला भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवून फिरवा. बस. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलांचं काम होतं. पण दुधीला दुधीचंच फूल लावा, दोडक्याचं लावून चालणार नाही, असं करणारेही मला भेटलेत. चार-पाच दिवसांत फळ फुगायला लागलं तर जमलं.

अजून दोन गोष्टी विचारते. नायट्रोजनवालं खत भरपूर घातलंय का? मग वेल नुसता पानांतच रमतो. आणि शेंडा खुडलात का कधी? दुधीचा मुख्य शेंडा खुडला की बगलफांद्या फुटतात आणि मादी फुलं जास्त करून त्या फांद्यांवर येतात. हात थरथरतो खुडताना, माहितीये, पण खुडा.

प्रश्न: घरातल्या कुंड्यांभोवती बारीक काळ्या माश्या उडतात. चहाची पावडर घातल्यापासून वाढल्यात का?

हो, असू शकतं. या फंगस नॅट, त्यांच्या अळ्या ओल्या मातीतल्या बुरशीवर आणि कुजणाऱ्या कचऱ्यावर जगतात. वरचा इंचभर थर पूर्ण वाळल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, चहाचा चोथा काढून टाका, पिवळं चिकट कार्ड लावा. मोठ्या झाडाला त्या फारसा त्रास देत नाहीत, माणसालाच जास्त.

प्रश्न: कढीपत्त्याचं रोप रातोरात बोडकं होतंय. कीड दिसत नाही, फक्त पानांवर पक्ष्याची विष्ठा पडलेली दिसते.

ती विष्ठाच बघा जरा जवळून, चालते का! फुलपाखराची अळी आहे ती. लिंबू आणि कढीपत्ता या एकाच कुळातल्या झाडांवर ही फुलपाखरं अंडी घालतात आणि छोटी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखीच दिसते, म्हणजे पक्षी तिला खात नाही. मोठी झाली की हिरवीगार होते, डिवचलं तर डोक्यामागून केशरी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. झाड मोठं असेल तर मी राहू देते, पानं परत येतात. तुमचं रोप लहान आहे, तेव्हा हाताने उचलून एखाद्या मोठ्या झाडावर सोडा. फवारा कशाला चार अळ्यांसाठी.

प्रश्न: थंडीच्या तोंडावर काय लावू? कोथिंबीर माझ्याकडे कधीच उगवत नाही.

मेथी, पालक, मुळा, टोमॅटो, झेंडू, सगळं लावा. मुळा मात्र जिथे वाढवायचा तिथेच पेरा, उपटून दुसरीकडे लावलात तर वाकडातिकडा होतो. कोथिंबिरीसाठी धणे हलक्या हाताने रगडून त्यांचे दोन भाग करा, एका धण्यात दोन बिया असतात, मग रात्रभर भिजवा आणि जेमतेम अर्धा-एक सेंटीमीटर खोल पेरा. उगवायला 10 ते 15 दिवस लागू शकतात, आणि मला दाट शंका आहे की तुम्ही आठव्या दिवशी उकरून बघता.

प्रश्न: मोगरा आत्ता छाटू का?

नको. थंडी संपत आली की छाटा, फुलं नव्या फुटीवर येतात. तोवर पाणी कमी, ऊन पाच-सहा तास, आणि पाण्याआधी बोट!