वडिलांना डिमेन्शिया आहे. काल रागाच्या भरात मी त्यांना ढकललं. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू?

बाबा पलंगावरच पडले, लागलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. तरी आज एकदा दाखवून आणा, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना घडलं ते खरं सांगा.

माझ्या आईच्या मनगटावर माझी बोटं उमटली होती. रात्रीचा वरणभात तिने तिसऱ्यांदा थुंकला आणि मी हात धरला. नुसता धरला, असं मला वाटत होतं. सकाळी बांगडीखाली चार निळे डाग. तेच मला दाखवून ती म्हणाली, "हे कुणी केलं रे?"

त्या दिवशी बहिणीला फोन केला. ती सल्ले रोजच द्यायची, 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदाही ऐकवून झाला होता. म्हटलं, सल्ला नको, रविवार दे. पहिल्याच रविवारी दुपारी तिचा फोन, "आई रोज अशीच करते?" त्यानंतर कायदा निघाला नाही.

बाकीच्या दिवशी संध्याकाळी चार ते सात या वेळेत एक मावशी लावल्या. पैसे कमी असतील तर सकाळचे तास सोडा, हे सोडू नका. दिवस कलला की या आजारात चुळबूळ, संशय, "मला घरी जायचंय" हे सगळं वाढतं, आणि आपलाही जीव तेव्हाच मेटाकुटीला आलेला असतो. अंधार पडायच्या आधी दिवे लावायचे, जेवण लवकर उरकायचं, एवढ्यानेही आमच्याकडे बराच फरक पडला.

वागणं एक-दोन दिवसांत अचानक बिघडलं तर आधी लघवी तपासून घ्या. म्हाताऱ्या माणसाला संसर्गात ताप येतोच असं नाही, नुसता गोंधळ वाढतो. मी दोन दिवस आईवर ओरडत होतो ते अशाच संसर्गापायी.

हात शिवशिवला की ताट खाली ठेवायचं, बाबा नीट बसलेत एवढं बघायचं आणि गॅलरीत जायचं. भात दहा मिनिटांनी खाल्ला तरी चालतो. 14567 ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन सकाळी 8 ते रात्री 8 असते, सांभाळणाऱ्यांनीही करावा फोन. रात्री 14416, टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन.

भाऊ पुण्यात आहे म्हणता. इथे अनोळखी लोकांना लिहिलंत ते त्याला सांगा, 'ढकललं' हा शब्द न गाळता. आणि आठवड्यातला कुठला वार त्याचा, तेही त्याच फोनवर ठरवून टाका.