ऐकून घ्यायला आवडतं, म्हणून मानसशास्त्र?

प्रश्न : माझी मुलगी बारावीत आहे. मैत्रिणी तिच्यापाशी मन मोकळं करतात, म्हणून तिला समुपदेशक व्हायचंय. एवढं कारण पुरेसं आहे का? – एक पालक, सांगली

उत्तर : सुरुवातीला पुरेसं आहे, आणि कारण चांगलंही आहे. पण मैत्रिणीचं ऐकणं वेगळं आणि समुपदेशकाचं ऐकणं वेगळं. मैत्रीण रडली की आपण समजूत काढतो, ‘असं कर’ म्हणून सांगतो. शिकाऊ समुपदेशकांचं नेमकं इथंच चुकतं. पहिल्या दहा मिनिटांतच ते उपाय सांगून मोकळे होतात. समोरच्याने तोच उपाय घरीदारी पन्नासदा ऐकलेला असतो. तो पुन्हा येत नाही. एक सत्र साधारण 45 ते 50 मिनिटांचं असतं. त्यात बराच वेळ गप्प राहायचं, मोजकेच प्रश्न विचारायचे, संपल्यावर नोंद लिहायची आणि मग पुढच्या माणसाचं तितक्याच लक्षाने ऐकायचं.

शिवाय ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द मैत्रिणीला देता येतो, समुपदेशकाला सरसकट देता येत नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल तर गुप्तता मोडावी लागते. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. या मर्यादा पहिल्याच भेटीत, बोलणं सुरू होण्याआधी सांगायच्या असतात. मागाहून सांगितल्या तर समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं.

मुलीला एक करून बघू दे : मैत्रीण बोलत असताना अर्धा तास एकही सल्ला द्यायचा नाही. हे जमलं, आणि त्यात तिचं मन रमलं, तर तिला जरूर पाठवा.

प्रश्न : मला नैराश्य आलं होतं. औषधं आणि समुपदेशनाने सावरलो. आता बी.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्वतः भोगलंय म्हणून इतरांना मदत करावीशी वाटते. चालेल ना? – एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : चालेल. या क्षेत्रात येणाऱ्या अनेकांचं कारण हेच असतं आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. धोका एकच : दुसऱ्याच्या दुखण्यात आपलंच दुखणं दिसू लागतं. ज्याने आपल्याला बरं वाटलं तेच त्याला सुचवलं जातं. त्याचं नैराश्य मात्र थायरॉइडच्या बिघाडातून, दारूतून किंवा कर्जातून आलेलं असू शकतं. म्हणून स्वतःचे उपचार अर्धवट सोडू नका, अभ्यासक्रमाचा ताण आहे म्हणून औषधं परस्पर बंद करू नका, आणि अनुभवी मार्गदर्शकापुढे आपल्या केसेस नियमित मांडा. एखादी केस मनातून जात नसेल, तर तीच आधी मांडा.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर औषधांविना उपचार करणारा) व्हायचं असेल तर नुसतं एम.ए. पुरत नाही. आजवरची रूढ वाट म्हणजे एम.ए.नंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., त्यात रुग्णालयातलं प्रशिक्षण, आणि मग भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. अभ्यासक्रमांची नावं सध्या बदलत आहेत, म्हणून फी भरण्याआधी संस्थेला त्या वर्षाची मान्यता आहे का, ते स्वतः तपासा. औषधं लिहून देणं हे मनोविकारतज्ज्ञाचं काम. त्याची वाट एम.बी.बी.एस.वरून जाते.

प्रश्न : गणित नको म्हणून मानसशास्त्र घेऊ का? – एक वाचक, लातूर

उत्तर : या कारणासाठी नको. मध्य, प्रमाण विचलन, सहसंबंध, टी-चाचणी हे सगळं तिथेही आहे, आणि ते नुसतं परीक्षेपुरतं नाही. बुद्ध्यंकाच्या आजच्या बहुतेक चाचण्यांत सरासरी 100 आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती पसरतात, त्याचं माप) 15 धरतात. म्हणजे 70 हा आकडा सरासरीच्या दोन विचलनं खाली, आणि बौद्धिक अक्षमतेची सीमा साधारण तिथेच धरतात. एखाद्या मुलाला 72 मिळाले, तर मोजमापातली काही गुणांची चूक धरून त्याचा खरा आकडा 70 च्या खालीही असू शकतो. हे न कळणारा परीक्षक एकच आकडा लिहून अहवाल हातात ठेवतो, आणि शाळेतली सवलत किंवा प्रमाणपत्र त्यावर अडतं. संख्याशास्त्राची भीती असेल तर अकरावी-बारावीतच शिकवणी लावून ती घालवा, मग विषय निवडा.