मुलीच्या कथकच्या फोटोंसाठी ७० हजारांत कोणता डीएसएलआर घ्यावा?

तुम्ही तीन पर्याय दिलेत: नवा कॅनन १५००डी, त्याच्या वरचा २००डी मार्क टू, नाहीतर सेकंडहँड निकॉन डी७५००. लेन्स धरून बजेट ७० हजार. काम म्हणजे मुलीचे कथकचे कार्यक्रम, आणि जमलंच तर ऐरोलीच्या खाडीतले फ्लेमिंगो. मी ठाण्यातच राहतो आणि गेली बरीच वर्षं नाट्यगृहांतून नाचाचे फोटो काढतोय. माझं मत सरळ सांगतो: सेकंडहँड डी७५०० घ्या, आणि त्यावर ८५ एमएम एफ १.८ची जुनी ‘डी’ लेन्स.

आधी लेन्सचं बोलू, कारण स्टेजवर खरी अडचण उजेडाची असते. भाचीचा पहिला कार्यक्रम मी घाणेकर नाट्यगृहात कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट लेन्सने काढला होता. ती लेन्स झूम केली की एफ ५.६ च्या खाली उघडतच नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं आणि उजेड जास्त), त्यामुळे शटर १/३० सेकंदावर अडकलं. चक्कर घेताना तिचा चेहरा आणि हात, दोन्ही पुसल्यासारखे आले. घरी आल्यावर तिने विचारलं, “मामा, एकही नीट नाही आला?” तो प्रश्न अजून टोचतो. एफ १.८ वर साधारण दहापट उजेड आत येतो, म्हणजे त्याच दिव्यांत १/३० ऐवजी १/२५० किंवा १/३२० मिळतं. चक्कर थांबवायला तेवढं पुरतं. (किट लेन्स हातात असेल तर तिहाई, म्हणजे तीनदा येणारा बोल, संपून मुलगी समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, थांबते तो क्षण धरा. तुम्ही रियाज ऐकत आला असाल तर तो क्षण तुम्हाला आधीच कळेल.)

आता बॉडी. तिन्हींचा सेन्सर एपीएस-सी गटातलाच, म्हणजे साधारण एकाच आकाराचा. उलट १५००डी २४.१ मेगापिक्सेलचा आणि महाग डी७५०० २०.९ चा, तेव्हा मेगापिक्सेल बघून ठरवू नका. जास्तीचे पैसे जातात ते हाताळणीत. १५००डीला डायल एकच. मॅन्युअलवर अॅपर्चर (लेन्सचं भोक) बदलायचं तर मागचं बटण दाबून धरून तीच डायल फिरवायची. काळोखात, डोळा व्ह्यूफाइंडरला लावून, समोर लाइट बदलतोय, तेव्हा ते बटण चाचपडण्यातच नाचाचा तुकडा निघून जातो. डी७५००ला अंगठ्याखाली शटर, तर्जनीखाली अॅपर्चर. व्ह्यूफाइंडर पेंटाप्रिझमचा, म्हणजे भरीव काचेचा, पूर्ण फ्रेम दाखवणारा. १५००डीत ९५ टक्केच दिसते. फोकस पॉइंट ५१ विरुद्ध ९, आणि सेकंदाला ८ फोटो विरुद्ध ३.

२००डी मार्क टू वाईट नाही. फिरणाऱ्या टचस्क्रीनवर त्याचा फोकस फार सुंदर चालतो, आणि व्हिडिओच जास्त काढणार असाल तर तोच घ्या. पण व्ह्यूफाइंडरमधून पाहिलं की तिथेही ९ च पॉइंट, आणि काळोख्या प्रेक्षागृहात उजळलेली स्क्रीन मागच्या माणसाच्या डोळ्यांवर येते.

डी७५००च्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. त्याच्या बॉडीत फोकसची मोटर आहे. निकॉनच्या डी३५००, डी५६०० मध्ये ती नाही, त्यामुळे जुन्या ‘एएफ-डी’ लेन्स (वर म्हटलेली ‘डी’ लेन्स यातलीच) त्यांच्यावर हाताने फोकस कराव्या लागतात. डी७५०० वर त्या आपोआप चालतात, आणि सेकंडहँड बाजारात नव्यांपेक्षा बऱ्याच स्वस्त मिळतात. म्हणून बॉडी आणि लेन्स दोन्ही तुमच्या बजेटमध्ये बसायला हवं.

घ्यायला फास्ट लोकलने सीएसएमटीला उतरा, समोरच बोरा बाजार. घाई करू नका. लेन्सची अॅपर्चर रिंग १.८ वर फिरवा, मागून मोबाइलचा टॉर्च धरा आणि आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले की फंगस, म्हणजे बुरशी, परत द्या. एका दुकानात मला अशीच लेन्स “थोडी धूळ आहे” म्हणून दिली होती आणि पहिल्या पावसाळ्यात ते जाळं काचभर पसरलं. वापरताना रिंग एफ १६ वर लॉक करायची, नाहीतर कॅमेरा एरर दाखवतो. ती लेन्स बिघडलेली नसते. बॉडीचा शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती क्लिक झालेत, विचारा. हे शटर दीड लाख क्लिकसाठी बनवलेलं आहे, ४०-५० हजारांच्या आतलं मिळालं तर उत्तम. बिल घ्याच.

घरी कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि पावसाळ्यात महिन्यातून दोनदा जेल बदला. ठाण्याच्या दमटपणात एवढं करावंच लागतं.

फ्लेमिंगोंना ८५ पुरणार नाही. त्यासाठी ७०-३०० एमएमची झूम लेन्स पुढच्या वर्षी घ्या. तोपर्यंत ऐरोलीहून बोटीने जाऊन नुसते बघून या, आणि मुलीलाही न्या.